जमीन-मिळकतीची वकिली: सनद मिळून दोन वर्षं झाली, आता कोणती वाट धरू?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. इथे बरेच वकील, महसूल खात्यातले आणि जमिनीचे व्यवहार करून पोळलेले लोक आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

मी मूळचा वाई तालुक्यातला, शिक्षण पुण्यात. सनद मिळून दोन वर्षं झाली. एका दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर आहे. सकाळी कोर्टाचा बोर्ड (त्या दिवसाच्या केसेसची यादी) बघायचा, तारखा घ्यायच्या, दुपारी नकलांचे अर्ज आणि संध्याकाळी सर सांगतील ते टाइप करायचं. महिन्याला आठ हजार मिळतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस करणारं परिपत्रक काढलं, ते मी सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. त्यांनी अंगठा पाठवला.

मला जमीन-मिळकतीचंच काम करायचंय हे नक्की आहे. सध्या समोर तीन वाटा आहेत. एक, सरांकडेच राहायचं. दोन, एका बिल्डरच्या लीगल खात्यात नोकरी, पगार ३५ हजार. तीन, कॉलेजचा मित्र बँकेच्या कर्जप्रकरणांसाठी सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या कागदांचा शोध-अहवाल) करतो, तो म्हणतो भागीदारीत ये. रिपोर्टमागे दीड-दोन हजार, कोर्टात उभं राहायची कटकट नाही.

घरून अर्थातच ३५ हजारांचा आग्रह आहे. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहावं.

सोनकी

वाचतेय. माझा भाचाही याच चक्रात आहे.

बोरू

वकीलसाहेब, मी वकील नाही. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कारकून म्हणून आयुष्य गेलं. तीस वर्षांत शेकडो ज्युनिअर वकील खिडकीशी आलेले पाहिले. त्यातले पुढे कोण नावारूपाला आले ते सांगतो. जे सातबारा मागून निघून गेले ते नाही आले. जे "या सातबाऱ्यावर डावीकडे जे फेरफार नंबर लिहिलेत ते सगळे द्या" म्हणाले, ते आले.

सातबारा म्हणजे आजचा फोटो. घराण्याची गोष्ट गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी असलेल्या फेरफार नोंदवहीत असते. आजच्या मालकापासून एकेक पायरी मागे जायचं. याचं नाव कशाने लागलं, वारसाने, खरेदीने की वाटपाने? वारसाने असेल तर मयताला मुली किती होत्या? नोंदीत पाच मुलगे आणि मुलगी एकही नाही असं दिसलं की थांबायचं. पाच मुलगे आणि शून्य मुली असं घर मी गावात पाहिलेलं नाही, कागदावर मात्र रोज पाहिलं.

वाटेत गट नंबर संपतो आणि जुना सर्व्हे नंबर सुरू होतो, तिथे नव्वद टक्के लोकांचा धागा तुटतो. तिथे जमिनींच्या एकत्रीकरणाचं योजनापत्रक आणि गटबुक मागायचं. पोटहिस्सा असेल तर फाळणी बारा आणि आकारफोड, क्षेत्र जुळत नसेल तर आकारबंद. ही नावं आधी पाठ करा. कलमं नंतर होतील.

आणि 'ए.कु.मॅ.' ही तीन अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे हे लिहिलेलं असे. पूर्वी सातबारा दर दहा वर्षांनी नवीन वहीत हाताने उतरवत. उतरवता उतरवता कधीतरी ए.कु.मॅ. गळायचं. कोणी मुद्दाम गाळलं, कोणी कंटाळून. थोरला भाऊ एकटा मालक झाला आणि धाकट्यांची पोरं मुंबईत गिरणीत राहिली. असे दावे आजही कोर्टात चालू आहेत.

साधासरळ

सगळं खरं असेल हो, पण आम्हा सामान्य माणसांचा अनुभव काय? दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर टपरीवर टायपिस्ट बसतो, तो खरेदीखत तयार ठेवतो, नावं बदलून देतो. वकील फक्त सही-शिक्का मारतो आणि फी घेतो. माझ्या खरेदीखतात चतुःसीमा शेजारच्या प्लॉटची पडली होती. चूक दुरुस्ती पत्र करायला पुन्हा पैसे, आणि लिहून देणारे गृहस्थ तोवर नातवाकडे अमेरिकेला. वकिलाने फोन उचलणं बंद केलं.

बोरू

साधासरळ, तुमचं दुखणं रास्त आहे. चतुःसीमा जागेवर उभं राहून लिहायची असते. टेबलावर बसून लिहिली की शेजारचा प्लॉट विकला जातो.

चिंचेची_सावली

घाटमाथा, मी सांगली जिल्ह्यात चौदा वर्षं प्रॅक्टिस करते. तुमच्या तीन वाटांत एक चौथी टाकते: आरटीएस, म्हणजे महसूल कोर्टातल्या हक्कनोंदीच्या केसेस.

नोंद मंजूर झाली किंवा रद्द झाली की नाराज माणूस प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलात जातो, महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली. मोठे वकील या कामाला नाक मुरडतात. 'नोंदीने मालकी मिळत नाही, दिवाणी कोर्टात जा' हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्यांदा सांगितलंय की यात राम नाही असं त्यांना वाटतं. पण नव्या वकिलासाठी सोनं आहे ते. दिवाणी दाव्यात तुम्हाला दहा वर्षं उलटतपास घेऊ देत नाहीत. इथे पहिल्याच महिन्यात स्वतः उभं राहून बोलता येतं. समोर प्रांत असतात, त्यांना दौरे, निवडणुका, मंत्र्यांची सभा सगळं सांभाळायचं असतं, त्यामुळे पाच मिनिटांत मुद्दा सांगायची सवय लागते. युक्तिवाद संपला की फाइल प्रकरण लिहिणाऱ्या कारकुनापाशी जाते. लेखी युक्तिवाद नीट क्रमाने दिलात तर निकालपत्रात तुमचीच वाक्यं सापडतात.

माझी पहिली केस साठ दिवसांची मुदत उलटलेली होती. म्हातारी बाई, नवरा वारल्यावर दिरांनी वारस नोंद करून घेतली, हिचं नावच नाही. विलंब माफीचा अर्ज आधी, मग अपील. फी म्हणून तिने एक पायली हरभरे आणले होते. केस जिंकली. पुढच्या तीन वर्षांत त्या एका गावातून मला अकरा केसेस आल्या, आणि त्यांनी रोख फी दिली. :)

एक बायकांसाठी. मोजणीच्या दिवशी बांधावर जायला लाजू नका. सुरुवातीला "वकील कुठायत?" असं माझ्याकडे बघूनच विचारायचे. आता मोजणीदार आधी मला विचारतो, खुणा दाखवू का म्हणून. साडी-चपलेत गेले होते पहिल्यांदा, उसाच्या सरीत पाय मुरगळला. बूट घाला.

सोनकी

हरभरे!! _/\_

दोनइंडेक्स

मी ठाण्यात एका विकासकाकडे लीगलमध्ये सहा वर्षं होतो, आता स्वतःचं करतो. दुसऱ्या वाटेबद्दल लिहितो, कारण इथे तिला कोणी चांगलं म्हणणार नाही.

नोकरी वाईट नसते. पगार वेळेवर मिळतो. महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी १ मे २०१७ पासून सुरू झाली तेव्हापासून विकासकाला कागद उघड करावे लागतात, त्यामुळे लीगल खात्याला पूर्वीपेक्षा मान आहे. विकास करारनामा, कुलमुखत्यारपत्र, पुनर्विकासात सभासदांचे पर्यायी जागेचे करार, मुद्रांकाचा अभिनिर्णय (शुल्क किती ते ठरवून घेणं), हे सगळं एका छताखाली बघायला मिळतं. विक्री खात्यातली पोरं दर शनिवारी येऊन म्हणायची, "गिऱ्हाईक वीस टक्के द्यायला तयार आहे, करारनामा पुढच्या महिन्यात करू." त्यांना रेराचं कलम १३ सांगायचं, दहा टक्क्यांवर एक रुपया घ्यायचा असेल तर आधी नोंदणीकृत करार. ते तोंड वाकडं करून जायचे. 'नाही' म्हणायचा सराव मला तिथे झाला.

तोटा एवढाच की तीन वर्षांनंतर कागद एकाच बाजूने दिसायला लागतो. जमीनमालक म्हणजे अडथळा, गिऱ्हाईक म्हणजे तक्रारदार, असं डोक्यात बसतं. मला ते एकदा स्वतःचा फ्लॅट घेताना कळलं. समोरच्या बिल्डरच्या करारात मीच दुसरीकडे लिहिलेलं कलम होतं, शब्दश:, आणि ते वाचून मला घाम फुटला. माझं मत, जायचं तर जा, पण दोन-अडीच वर्षं. त्यानंतर बाहेर.

बाहेर आल्यावर मी काय धरलं? मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं. हजारो सोसायट्यांची इमारत उभी आहे, सभासद मेंटेनन्स भरतात, पण खालची जमीन अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ मालकाच्या नावावर. १९६३ च्या मोफा (सदनिका-मालकीच्या) कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन सोसायटीला एकतर्फी अर्ज करायची वाट मिळाली. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. काम किचकट आहे. प्रत्येक सदनिकेची सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), मंजूर नकाशा, वास्तुविशारदाचा दाखला, मिळकत पत्रिका. सेक्रेटरीकडे निम्मे कागद नसतात, आणि तिसऱ्या मजल्यावरचे कुणीतरी काका मूळ करारनामा दाखवायलाच तयार नसतात. पण चाळीस घरांची सोसायटी म्हणजे चाळीस ओळखी. कुणाचं मृत्युपत्र, कुणाचं बक्षीसपत्र, कुणाच्या भाडेकरूचा लिव्ह अँड लायसन्स. माझं ऑफिस तीन सोसायट्यांवर उभं राहिलं.

मांडवीपार

गोव्यातून. इकडची थोडी वेगळी तऱ्हा सांगतो, कारण तुमच्याकडची मंडळी हल्ली पेडणे-सत्तरीत जमिनी बघायला येतात आणि सोबत पुण्या-मुंबईचा वकील आणतात.

सातबाऱ्याच्या जागी इथे 'एक व चौदा'चा उतारा. जुनी वर्णनं पोर्तुगीजमध्ये, ती वाचणारे आता थोडेच उरलेत. सगळ्यात मोठा फरक म्हणजे नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता. जमीन नवऱ्याच्या नावावर असली तरी विक्रीला बायकोची सही लागते, आणि भावांपैकी प्रत्येकाच्या बायकोची. घरजागेत मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) बसलेला असेल तर ते प्रकरण निराळंच. पुण्याच्या एका वकिलाने "नाव एकट्याचं आहे की, सही एकट्याची पुरे" म्हणून मसुदा आणला होता. भावजया पाच निघाल्या. एक लिस्बनला.

नव्या वकिलाने दोन्हीकडचं शिकलं तर सिंधुदुर्ग-गोवा पट्ट्यात कामाला तोटा नाही.

चिंचेची_सावली

सिंधुदुर्गाचं नाव निघालं म्हणून. कोकणातला सामाईक सातबारा ज्याने सोडवला त्याला महाराष्ट्रात कुठेही भीती नाही. साठ नावं, त्यातली चाळीस मयत, उरलेली डोंबिवली-विरारला, आणि खालच्या आंब्याच्या कलमांवर तिसऱ्याचाच हक्क.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. बोरूकाका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलावर लावलाय.

मधल्या काळात मित्राबरोबर तीन सर्च करून बघितले. दोन सरळ होते. तिसऱ्यात अडकलोय. हवेली तालुक्यातली दोन एकर, कर्ज मोठं आहे. दुय्यम निबंधकांकडचा तीस वर्षांचा शोध स्वच्छ. पण फेरफार मागे नेत गेलो तर १९६० च्या दशकात कुळाचं नाव लागलेलं आहे, कूळकायद्याच्या कलम ३२ग खाली कुळाची खरेदी ठरलीय, आणि ३२म चं (ती खरेदी झाल्याचं) प्रमाणपत्र फाइलमध्ये नाही. त्यानंतर २००९ मध्ये विक्री झालीय, कलम ४३ च्या (अशी जमीन विकायला लागणाऱ्या) परवानगीचा उल्लेख कुठेच नाही. मित्र म्हणतो, तीस वर्षांचाच शोध मागितलाय, तीस वर्षांचंच लिही. बँकेचा एजंटही फोन करतोय, "साहेब, क्लिअर लिहून टाका, तिमाहीअखेर आहे."

मी काय लिहू?

साधासरळ

हेच ते! आणि नंतर आमच्यासारखे लोक त्यावर बांधलेले फ्लॅट घेतात.

जुना_बोर्ड

इतके दिवस नुसतं वाचत होतो. आता लिहितो. नाशिकला छत्तीस वर्षं.

आधी तीस वर्षांचा प्रश्न. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घ्यायला तीस वर्षं आहेत, सरकारला दावा लावायलाही तीस वर्षं, म्हणून बँका तीस म्हणतात. १९०८ च्या जुन्या कायद्यात तीच साठ होती. पण ही मुदत दाव्यांची झाली. जमिनीला चिकटलेल्या अटीला, नवीन शर्त (परवानगीशिवाय विकायला बंदी), कूळ, वतन (सेवेबद्दल मिळालेली जमीन), आदिवासी खातेदार, असं काही वय नसतं. एकतीस वर्षांपूर्वी लागली म्हणून ती गळत नाही.

आता माझी गोष्ट. सनदेनंतर चौथं वर्ष. एका पतसंस्थेच्या वकिलांच्या पॅनेलवर नुकतंच नाव लागलेलं, लग्न ठरलेलं, स्कूटर घ्यायची होती. सिन्नर बाजूची जमीन. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात एक ओळ पुसट दिसत होती. तलाठ्याला विचारलं, तो म्हणाला जुनं तगाईचं, म्हणजे सरकारी शेतकर्जाचं आहे, फिटलं. मी मूळ फेरफार न बघता 'निर्वेध व विक्रीयोग्य' लिहिलं. ती ओळ तगाईची नव्हती, वतनाच्या शर्तीची होती. पाच वर्षांनी शर्तभंगाची नोटीस निघाली. ज्याने जमीन घेतली होती तो शाळामास्तर होता, फंडाचे सगळे पैसे घातलेले. तो माझ्या ऑफिसात आला, भांडला नाही. समोर बसला आणि माझाच अहवाल मला वाचून दाखवला. सरकारला नजराणा भरून प्रकरण निस्तरायला पुढे सात वर्षं गेली. ते काम मी फी न घेता केलं, पण त्याने काही परत येत नाही.

कायद्याने काय होतं तेही सांगतो. के. नारायण राव प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पॅनेल वकिलाचं मत चुकलं, निष्काळजीपणा झाला, एवढ्यावरून तो फसवणुकीच्या कटात होता असं धरता येत नाही, त्यासाठी संगनमताचा पुरावा हवा. पण तुम्हाला माहीत असून तुम्ही लिहिलं नाही, ही निराळी गोष्ट होते. तुम्हाला आता माहीत आहे, आणि ते तुम्ही इथे लिहून बसला आहात!

तर लिहायचं असं. 'जमीन क्लिअर नाही' असंही लिहायचं नाही, ते ठरवायला तुम्ही न्यायाधीश नाही. सापडलं ते तारखेसह आणि फेरफार नंबरासह मांडा. ३२म चं प्रमाणपत्र उपलब्ध झालेलं नाही, ते तहसील कार्यालयातून मागवावं. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीला दहा वर्षं झालेल्या कुळाच्या जमिनीला पूर्वपरवानगीची गरज उरलेली नाही, आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरायचा असतो. पण इथली विक्री २००९ ची, दुरुस्तीच्या आधीची, म्हणून तेव्हाच्या परवानगीची प्रत किंवा नियमित केल्याचा आदेश दाखवावा. तोवर मत राखून ठेवत आहे. बस. खाली सही.

एजंट दुसऱ्याकडे जाईल. जाऊ द्या.

दोनइंडेक्स

पूर्ण सहमत. एक भर घालतो. अहवालात काय काय बघितलं याची यादी द्याच, पण काय बघायला मिळालं नाही तेही लिहा. अमुक वर्षांची पुस्तकं फाटलेली, अमुक वर्षाची सूची बांधणीला गेलेली. २००२ नंतरचं संगणकावर बसल्या जागी दिसतं म्हणून लोक त्याच्या मागे जातच नाहीत.

मांडवीपार

आणि जागेवर जाऊन या. कूळ अजून कसत असेल तर ते कुठल्याच पुस्तकात दिसणार नाही.

सोनकी

एक भाबडा प्रश्न. मुलींचा हक्क २००५ पासून ना? मग त्याआधीच्या नोंदीत मुलगी नसली तर वकिलाने एवढं का थांबायचं?

चिंचेची_सावली

सोनकी, भाबडा नाहीये. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ ला, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, फक्त त्या दिवसाच्या आधी लग्न झालेल्या वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीने ती अट राहिली नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालात ठरलं की २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल तरच ते अबाधित. शिवाय वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी १९५६ पासूनच वारस आहे, हे तर सगळेच विसरतात. म्हणून नुसत्या तोंडी वाटपाचा फेरफार दिसला की मी बहिणींची हक्कसोडपत्रं मागते. आणि हक्कसोड नोंदणीकृत आहे का ते बघते. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं 'आम्ही हक्क सोडला' हे घराघरात सापडतं. त्याचा उपयोग शून्य.

सोनकी

बापरे. आईला विचारते आजच.

घाटमाथा

बरेच दिवसांनी आलो, माफी असावी.

तो अहवाल जुना_बोर्ड सरांनी सांगितला तसाच दिला. मित्र चिडला, भागीदारी सुरू व्हायच्या आधीच संपली. बँकेकडून आठवडाभर काहीच नाही. मग त्यांच्या विभागीय कार्यालयातल्या एका बाईंचा फोन आला, त्यांना अहवालाची मांडणी आवडली. पॅनेलवर घेतलेलं नाही, पण दोन फाइली पाठवल्यात, "दुसरं मत" म्हणून. फी पहिल्यापेक्षा जरा बरी.

बिल्डरची नोकरी सध्या नाही धरली. सरांशी बोललो, सोमवार-गुरुवार महसूल कोर्ट माझं, बाकी दिवस त्यांचे. आठाचे बारा केलेत. घरी अजून सांगितलेलं नाही.

आता खरं कारण लिहायचं. सरावासाठी म्हणून गावी गेलो तेव्हा आमच्याच जमिनीचे फेरफार मागे नेले. १९५८ ची एक नोंद निघाली. आजोबांचं नाव, पुढे ए.कु.मॅ. पुढच्या वहीत ती अक्षरं नाहीत. आजोबांचे धाकटे भाऊ करी रोडला गिरणीत होते, संपानंतर तिकडेच वारले. त्यांच्या नातवाला मी ओळखतो, लग्नाकार्याला भेटतो. दर वर्षी आमच्याकडून त्यांना आंबेमोहोराचं एक पोतं जातं. का जातं हे मी कधी विचारलं नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आजोबांनी सांगितलं होतं, पाठवत जा."

पुढच्या वर्षी रस्त्यात थोडी जमीन जातेय, मोबदला येईल. बाबांशी बोलायला हिंमत होत नाहीये.

बोरू

नोंदीचा नंबर काय? प्रमाणित नक्कल काढलीत की नुसता मोबाईलवर फोटो? ती वही जुनी आहे, पानं सुटायला आलेली असणार. सोमवारी जाऊन आधी नक्कल काढा. बाबांशी संध्याकाळी जेवण झाल्यावर बोला, आणि नक्कल हातात असू द्या.